‘ताई, एवढा प्रश्न सोडवून द्या ना’ : अभ्यासिकेत नव्याने शिकवायला बसणाऱ्यांसाठी

आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका भरते. आठवी ते दहावीची पंचवीस-तीस मुलं सतरंजीवर बसून गृहपाठ करतात आणि आम्ही चार-पाच मोठी माणसं त्यांच्यामध्ये फिरत असतो. दर जूनमध्ये मदतीला कोणीतरी नवीन येतं. कधी कॉलेजात जाणारी मुलगी, कधी बँकेतून निवृत्त झालेले काका. पहिल्याच संध्याकाळी एखादं मूल वही पुढे करतं, ‘ताई, एवढा प्रश्न सोडवून द्या ना’ म्हणतं, आणि नवा माणूस मायेने तो सोडवून देतो.

मीही तेच केलं होतं. नववीतल्या एका मुलीला एका कवितेचं रसग्रहण मी अख्खं सांगितलं आणि तिने सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. वर्गात कौतुक झालं. सहामाहीला रसग्रहणाला दुसरी कविता आली, तेव्हा तिने त्या प्रश्नाखाली नुसता क्रमांक लिहून जागा कोरी सोडली. ती उत्तरपत्रिका तिने मला आणून दाखवली होती. त्या दिवसापासून मी उत्तर सांगण्याआधी काय करायचं ते शिकत गेले. नव्याने येणाऱ्यांना तेवढंच सांगायचं आहे.

आधी प्रश्न मुलाकडून वाचून घ्या

मूल जे तोंडी विचारतं आणि पुस्तकात जे छापलेलं असतं, ते पुष्कळदा वेगळं असतं. ‘मिठाचा सत्याग्रह सांगा’ म्हणून मुलगा येतो. पुस्तक उघडलं की प्रश्न असतो, ‘गांधीजींनी सत्याग्रहासाठी मिठाची निवड का केली?’ पहिल्याचं उत्तर दोन पानं, दुसऱ्याचं पाच ओळी. म्हणून पुस्तक उघडायला लावा, प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि क्रियापदावर बोट ठेवायला सांगा. ‘टीप लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘सकारण स्पष्ट करा’, ‘तुमचे मत लिहा’ या प्रत्येकाची मागणी निराळी आहे. ‘सकारण स्पष्ट करा’ असं असताना मूल घटनाक्रम लिहून येतं आणि गुण जातात, माहिती सगळी बरोबर असूनही.

मग विचारा, ‘तुला यातलं कुठपर्यंत येतंय?’ ‘काहीच येत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर समाधान मानू नका. ‘प्रश्नातला कोणता शब्द अडतोय?’ असं विचारलं की निम्म्या वेळा गाठ तिथेच सापडते. सेमी-इंग्रजीच्या मुलांचं तर हे रोजचंच आहे. विज्ञानाच्या पुस्तकात स्पीड आणि व्हेलॉसिटी असतं, मराठी माध्यमाच्या पुस्तकात चाल आणि वेग. घरी मात्र ‘गाडी किती वेगात होती!’ म्हणतात तेव्हा स्पीडच अभिप्रेत असतो. वेगाला दिशा असते, चालीला नसते, एवढं वहीच्या मागच्या पानावर दोन्ही भाषांत लिहून ठेवलं की पुढचा आठवडा सोपा जातो. वस्तुमान आणि वजन यांचंही तसंच. किराणा दुकानात ‘पाच किलो वजन’ म्हणतात, विज्ञानात किलो हे वस्तुमानाचं एकक आणि वजन न्यूटनमध्ये. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवरचं वजन सुमारे ५८८ न्यूटन. चंद्रावर ते साधारण ९८ न्यूटन भरेल, वस्तुमान मात्र तिथेही ६० किलोच. दुकानदार चुकीचं बोलतो असं मुलाला सांगू नका. बोलण्यातला शब्द आणि शास्त्रातला शब्द वेगळा चालतो, एवढंच सांगा.

कविता आली तर ओळीपासून उठू नका

भाषेच्या गृहपाठात सगळ्यात जास्त धास्ती रसग्रहणाची. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषेची वैशिष्ट्ये असे मुद्दे मुलांना पाठ असतात आणि त्यांखाली काय भरायचं ते माहीत नसतं. मग गाईडमधलं वाक्य येतं: ‘कवीने अत्यंत प्रभावी शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत.’ हे वाक्य मराठीतल्या कुठल्याही कवितेखाली खपेल. म्हणून माझा एकच नियम आहे. मुलाने जे जे म्हणायचं ते कवितेतल्या कोणत्या शब्दावरून म्हटलं, तो शब्द दाखवायचा. दाखवता आला नाही तर ते वाक्य खोडायचं.

बहिणाबाई चौधरींच्या ओळी घ्या. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’. इथे अलंकार कोणता, असा प्रश्न हमखास येतो आणि मुलं रूपक लिहितात, कारण संसाराला तवा म्हटलंय असं त्यांना वाटतं. व्याख्या पुन्हा घोकून घेऊ नका. ओळीतलं ‘जसा’ दाखवा. सारखेपणा सांगणारा शब्द समोर उभा आहे, म्हणून ही उपमा. मग त्याच बहिणाबाईंची दुसरी ओळ शेजारी ठेवा, ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. इथे जसा नाही, सारखं नाही, परी नाही. मन हेच ढोर. हे रूपक. एकाच कवयित्रीच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की फरक जो कळतो तो महिनाभर व्याख्या म्हणून घेतला तरी कळत नाही. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ आलं की उत्प्रेक्षेचा, म्हणजे एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशा कल्पनेचा, संशय घ्यायचा, हे तिसरं टोक मग आपोआप जोडता येतं.

इथेच थांबू नका मात्र. अलंकार ओळखणं ही एका गुणाची गोष्ट, रसग्रहण त्याच्या पुढे सुरू होतं. ढोरच का? मांजर का नाही? शहरातल्या मुलाने उभं पीक पाहिलेलं नसतं. त्याला विचारा, ढोर पिकात का शिरतं? हिरवं दिसतं म्हणून. हाकललं की जातं का? जातं आणि पुन्हा येतं. आता तुझं मन अभ्यासाला बसल्यावर काय करतं? एका मुलाने यावर सांगितलं होतं, ‘मोबाइलकडे जातं, आई ओरडली की येतं, परत जातं.’ मी म्हटलं, हेच लिही, फक्त मोबाइलच्या जागी पीक ठेव. त्याचं ते रसग्रहण तीन वाक्यांचं होतं आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याचा होता.

बोलीभाषेची कविता आली तर वर्गात त्या भागातलं मूल आहे का बघा. पहिल्या कवितेत पुढे ‘मियते भाकर’ येतं. पुण्या-मुंबईची मुलं ‘मियते’ला अडतात. आमच्याकडे जळगावकडून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी आहे, एरवी फारशी न बोलणारी. तिने पटकन सांगितलं, ‘मिळते. माझी आजी असंच म्हणते.’ त्यानंतर ‘ळ’च्या जागी ‘य’ कुठे कुठे येतो ते तिनेच सगळ्यांना सांगितलं. अशी संधी आली तर तुम्ही गप्प बसा.

‘तुमचे मत लिहा’ या प्रश्नाला गाईडचं मत लिहिण्याची सवय मोडायला वेळ लागतो. मी मुलाला तोंडी बोलायला लावते, त्याची वाक्यं जशीच्या तशी कागदावर उतरवते आणि तो कागद त्याच्या हातात देते. आपण बोललेलं लिहिलेलं दिसलं की मुलांना धीर येतो. मग शुद्धलेखन, वाक्यांचा क्रम, एखादा नेमका शब्द, एवढंच काम उरतं.

विज्ञानात ‘का’ला ‘कसं’ जोडा

‘उन्हाळा का होतो?’ या प्रश्नाला दहातली सात-आठ मुलं सांगतात की तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. चूक आहे, पण मूल विचार करून चुकलंय. शेकोटीजवळ जास्त ऊब लागते, हे त्याने अनुभवलंय. त्याला ‘चूक’ म्हणून गप्प करू नका, एक माहिती द्या. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. आता विचारा, मग जानेवारीत नाशिकला कुडकुडायला का होतं? आणि तेव्हाच ऑस्ट्रेलियात उन्हाळा का असतो? आधीचं उत्तर मूल स्वतःच बाजूला ठेवतं.

मग बॅटरी आणि वही घ्या. बॅटरी वहीवर सरळ धरा, प्रकाशाचा गोल लहान आणि लख्ख पडतो. वही तिरकी करा, गोल लांबट आणि मंद होतो. प्रकाश तेवढाच, जागा जास्त. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे वर्षभरात आपल्यावर किरण कधी सरळ पडतात, कधी तिरपे. दिवसही लहान-मोठा होतो. अंधार करून हे दाखवायला पाच मिनिटं लागतात, ती जरूर द्या.

या उत्तरानंतर हुशार मुलाकडून पुढचा प्रश्न येतोच. सर्वांत मोठा दिवस २१ जूनचा, मग आपल्याकडे सर्वांत जास्त तापतं मे महिन्यात, ते कसं? हा प्रश्न अतिशय चांगला आहे आणि पुस्तकात त्याचं उत्तर सहसा नसतं. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो. पुण्यात तो मेच्या मध्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर माथ्यावर येतो, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. जूनमध्ये तो आणखी थोडा उत्तरेला सरकलेला असतो, आणि मुख्य म्हणजे पाऊस आणि ढग आलेले असतात. मे महिन्यात सुट्टी असली तरी मुलांना अंगणात एक काठी उभी रोवायला सांगा. सावली पायाशी येऊन नाहीशी होते ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मूल ऋतूंचा प्रश्न परत विचारायला येत नाही.

गणिती उदाहरणांमध्ये मदत करताना माझा आग्रह एककांवर असतो. एक नेहमीचं उदाहरण: ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी रिक्षा ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबली, तर थांबेपर्यंत किती अंतर गेली? मूल ३६ तसेच धरतं, सरासरी वेग १८, गुणिले ५ आणि उत्तर ९० मीटर. आकडेमोड बिनचूक. इथे लगेच ‘किमीचं मीटर कर’ म्हणू नका. म्हणा, कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. ब्रेक दाबल्यावर रिक्षा जवळजवळ सात मैदानं पुढे जाईल का? मूल हसतं आणि वहीकडे परत वळतं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, सरासरी ५, म्हणून अंतर २५ मीटर. दोन मैदानांच्या आत. उत्तर आल्यावर ते खऱ्या जगात बसतं का, हे एकदा तपासायची सवय लागली की परीक्षेतल्या पुष्कळ चुका जागच्या जागी सापडतात. सूत्र कोणतं वापरलं याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

आकृत्यांबद्दल एवढंच: पेन्सिलने काढायला लावा, नावं एका बाजूला द्यायला लावा.

इतिहासात तारखेच्या मागे माणसं उभी करा

आता मिठाकडे येऊ. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमती आश्रमातून निघाले, ६ एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचललं, मध्ये सुमारे ३८५ किलोमीटरची पदयात्रा. हे मुलांना पाठ असतं. पण प्रश्न ‘मीठच का?’ असा आहे. मी मुलांना विचारते, तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे जी सगळ्यात गरीब घरातही असते आणि सगळ्यात श्रीमंत घरातही? थोडा वेळ तेल, साखर, चहा चालतं. मग कोणीतरी मीठ म्हणतं. आता पुढचं उलगडतं. मिठाच्या उत्पादनावर सरकारची मक्तेदारी होती, त्यावर कर होता आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने समोर साठलेलं मीठ उचललं तरी तो गुन्हा. हिंदू-मुसलमान, जमीनदार-मजूर, सगळ्यांना हा कायदा लागू आणि सगळ्यांना समजणारा. मोडायला हत्यार लागत नाही, हात पुरतो. हे झालं कारण.

त्याच्या मागचं कारणही विचारायचं. १९२९च्या डिसेंबरात लाहोरच्या अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला होता. ठराव कागदावरून गावागावांत न्यायला प्रत्येकाला करता येईल अशी कृती हवी होती. अशी कारणांची दोन-तीन पायऱ्यांची उतरंड मुलाच्या तोंडून आली की ‘सकारण स्पष्ट करा’चं उत्तर तयार झालं.

यानंतर मी नेहमी एक प्रश्न घालते: समुद्र नसलेल्या गावांनी काय केलं असेल? आपल्या किनाऱ्यावर शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, ते आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात. पण सांगलीकडच्या बिळाशीत मीठ कुठून आणणार? तिथे लोकांनी जंगलाचे कायदे मोडले. चिरनेरला, कळवणला जंगल सत्याग्रह झाले. सोलापुरात तर मार्शल लॉ पुकारला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना जानेवारी १९३१ मध्ये फाशी झाली. सोलापूरहून आलेल्या कुटुंबातल्या मुलाला आजोळच्या चौकातल्या पुतळ्यांची आठवण होते, त्या वेळी त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. पुस्तकातली चळवळ त्याच्या घरापर्यंत आलेली असते.

तारखांचा गोंधळ मुलं हमखास घेऊन येतात. ‘ताई, शिवराज्याभिषेक दिन ६ जूनला पण असतो आणि तिथीने पण, खरा कोणता?’ दोन्ही. राज्याभिषेक झाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी. तेव्हाच्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे ६ जून १६७४. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी इंग्रजी तारखेच्या मागे-पुढे सरकत राहते आणि अधिक महिना तिला परत जागेवर आणतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे, हे सांगायचं राहून जातं. म्हणूनच फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही महाराजांची जन्मतिथी १६३० सालात पडते. मुलाने दुसऱ्या पुस्तकात १६२७ वाचलेलं असेल तर त्याला खोटं ठरवू नका. वेगवेगळ्या साधनांत वेगळी नोंद आहे आणि अभ्यासकांमध्ये त्यावर बराच वाद झाला आहे, हे सांगा. परीक्षेत पाठ्यपुस्तकातली १९ फेब्रुवारी १६३० लिहायची, हेही सांगा. इतिहास साधनांवरून लिहिला जातो, ही गोष्ट आठवीच्या मुलाला व्यवस्थित कळते. घरी ऐकलेल्या अभिमानाच्या किंवा रागाच्या गोष्टी इथे वर येतात. तेव्हा आवाज न चढवता ‘हे कशावरून?’ एवढंच विचारायचं, कोणाच्याही बाजूच्या गोष्टीला.

आपल्याला येत नसेल तेव्हा

तिन्ही विषय सगळे येणारा माणूस आमच्यात एकही नाही. ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ हे वाक्य पहिल्या आठवड्यातच म्हणून टाका. मुलांचा विश्वास त्याने वाढतो, हे मी पाहिलेलं आहे. शोधायचं मात्र मुलासमोर, त्याला शेजारी बसवून. पहिलं ठिकाण बालभारतीचं पाठ्यपुस्तक, तेही पुढच्या-मागच्या इयत्तांसकट. सगळी पुस्तकं मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. नववीच्या प्रश्नाचं मूळ सातवीच्या पुस्तकात सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. दुसरं ठिकाण मराठी विश्वकोश, तोही संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. शब्दाचा अर्थ अडला तर शब्दकोश. आमच्या कपाटात जुना फाटका शब्दकोश आहे आणि मुलांना तो चाळायला फार आवडतो.

प्रश्नाचा फोटो काढून मोबाइलवर तयार उत्तर मिळवणारी मुलं आता प्रत्येक वर्गात आहेत. फोन हिसकावून उपयोग होत नाही. ते उत्तर मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, यातला कोणता शब्द तुझ्या पुस्तकात नाही? कोणतं वाक्य तुला दुसऱ्याला समजावता येणार नाही? उरलेल्यातून तो आपलं उत्तर लिहील. एखादी तारीख किंवा आकडा पुस्तकाशी जुळवून पाहायला लावा. त्यात चूक सापडली की त्या मुलाची नजर कायमची तयार होते.

आमच्याकडे एक दोनशे पानी वही ठेवलेली आहे. त्या संध्याकाळी ज्याचं उत्तर मिळालं नाही तो प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव आणि तारीख तिच्यात लिहायची. दुसऱ्या दिवशी सात वाजता आल्यावर तुम्ही ती वही आधी उघडायची, चप्पल काढून लगेच. मुलं विसरली असं समजू नका. ज्याचा प्रश्न असतो तो दारातूनच बघत असतो.

आणि वही तपासून परत आली की लाल शाईतलं नीट वाचा. शिक्षकांनी वेगळं उत्तर अपेक्षित धरलं असेल तर मुलासमोर त्यांना चूक ठरवू नका. वर्गात साठ मुलं सांभाळून त्यांनी हे तपासलेलं असतं. ‘बाई असं का म्हणाल्या असतील?’ हे मुलालाच विचारा, आणि उत्तर नाही मिळालं तर उद्या शाळेत जाऊन विचारून ये म्हणा. विचारून आलं की काय सांगितलं ते तुम्हीही वहीत उतरवून घ्या. पुढच्या जूनमध्ये नव्याने येणाऱ्याला ते लागणार आहे.